तारीख, माफी आणि तडजोड : अमेरिकेतील आप्रवासन-सुधारणेची कोंडी

मराठीत 'तडजोड' हा शब्द दोन सुरांत उच्चारला जातो. घरातील वडीलधाऱ्यांनी वाटणीचा वाद मिटवला म्हणजे ती तडजोड शहाणपणाची ठरते. तत्त्वासाठी उभ्या राहिलेल्या माणसाने पाय मागे घेतला म्हणजे तीच तडजोड शरणागती ठरते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आप्रवासनाच्या कायद्यासंबंधी गेली चार दशके जे घडत आले आहे ते समजून घेताना या शब्दाची ही दुहेरी छटा ध्यानात ठेवणे उपयोगी पडते. ६ नोव्हेंबर १९८६ रोजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी आप्रवासन सुधारणा व नियंत्रण कायद्यावर स्वाक्षरी केली. देशात बेकायदा राहणाऱ्यांचा प्रश्न सर्व बाजूंनी एकाच वेळी सोडवू पाहणारा आणि प्रत्यक्ष कायद्यात रूपांतरित झालेला तो अखेरचा मोठा करार होय. त्यानंतर २००६, २००७, २०१३, २०१८ आणि २०२४ या वर्षांत तसे प्रयत्न झाले आणि ते सर्व निष्फळ ठरले. असे का व्हावे, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे.

याचे प्रचलित उत्तर असे की दोन पक्षांतील दरी रुंदावली. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. आप्रवासनाच्या प्रश्नावर भेगेची रेषा दोन पक्षांच्या मधून न जाता प्रत्येक पक्षाच्या आतून जात आली आहे. स्वस्त मजूर हवा असणारे बागायतदार व कारखानदार आणि सीमा बंद करा म्हणणारे राष्ट्रवादी हे दीर्घकाळ एकाच रिपब्लिकन तंबूत राहिले. मजुरीचे दर पडतील या भीतीने नव्या मजुरांना विरोध करणाऱ्या कामगार संघटना आणि त्याच मजुरांच्या हक्कांसाठी झगडणारे नागरी स्वातंत्र्यवादी हे डेमोक्रॅटिक तंबूत. अशा स्थितीत तडजोड करायची ती आधी स्वतःच्या घरात आणि मग समोरच्याशी. शिवाय ज्यांच्याविषयी तडजोड व्हायची त्यांना मताचा अधिकार नाही. हा तिसरा पक्ष, म्हणजे ज्याच्या आयुष्याचा सौदा होतो पण जो बैठकीत नसतो तो, या इतिहासात आरंभापासून आहे.

आरंभ १८८२ पासून धरता येईल. चिनी मजुरांच्या प्रवेशावर वीस वर्षांची बंदी घालणारे विधेयक काँग्रेसने संमत केले, तेव्हा अध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. चीनशी झालेल्या तहाचा तो भंग ठरेल, असे त्यांचे म्हणणे होते. मग वीसाचे दहा झाले आणि ६ मे १८८२ रोजी बंदीचा कायदा अस्तित्वात आला. रूढ अर्थाने ही आदर्श तडजोड होती: दोन्ही बाजूंनी मध्यावर भेटणे. परंतु या दोन्ही बाजूंत चिनी माणूस कोठेच नव्हता. १८९२ मध्ये दहा वर्षांची मुदत वाढवण्यात आली, १९०२ मध्ये ती बेमुदत झाली आणि १९४३ मध्ये, चीन युद्धातील मित्रराष्ट्र असताना, ती उठली. तीही वर्षाला १०५ जणांच्या मर्यादेने.

या कायद्यानंतर वर्षभराने, जून १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला उतरल्या. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली तेव्हा पंडिता रमाबाई तेथे उपस्थित होत्या. रमाबाईंचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात त्या देशातील स्त्रियांच्या संस्थांबद्दल आणि लोकशाहीबद्दल जो ओढा आहे, तो मराठी वाचकाच्या मनातील अमेरिकेचे पहिले सविस्तर चित्र ठरला. आपल्या या दोन पूर्वसूरींना दार उघडे मिळाले, कारण त्या मजूर नव्हत्या आणि चिनी नव्हत्या. खुद्द चिनी बंदीच्या कायद्यातही विद्यार्थी, शिक्षक, व्यापारी आणि प्रवासी यांना वगळले होते. म्हणजे वंशाच्या भिंतीला वर्गाची खिडकी ठेवलेली होती. पुढील सर्व कायद्यांत ही खिडकी कधी रुंद, कधी अरुंद होत गेली, पण बुजली नाही.

हिंदी लोकांपुरते बोलायचे तर ती १९१७ मध्ये जवळजवळ मिटली. त्या वर्षीच्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टा, हिंदुस्थानासह, प्रवेशबंदीच्या क्षेत्रात टाकला आणि साक्षरतेची अट घातली. साक्षरतेच्या अटीचा इतिहास बोधक आहे. १८९७ मध्ये क्लीव्हलंड, १९१३ मध्ये टॅफ्ट आणि १९१५ मध्ये विल्सन अशा तीन अध्यक्षांनी ती नाकारली होती; १९१७ मध्ये विल्सन यांचा दुसरा नकार डावलून काँग्रेसने ती मंजूर केली. वीस वर्षे चिवटपणे अडलेली गोष्ट युद्धाच्या वातावरणात एकदम पार पडली. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही असा निर्णय दिला आणि नागरिकत्वाचा मार्गही बंद झाला. गदर चळवळीतील पांडुरंग सदाशिव खानखोजे यांनी अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले होते. १९२४ मध्ये ते स्थायिक होण्यासाठी गेले ते मात्र मेक्सिकोला, आणि मक्याच्या संशोधनात त्यांचे नाव झाले ते तेथेच.

त्याच १९२४ च्या कायद्याने युरोपीय देशांना वार्षिक संख्या ठरवून दिल्या. प्रमाण मोजण्यासाठी १८९० ची जनगणना मुद्दाम निवडली होती, कारण त्यानंतर इटालियन, पोलिश आणि ज्यू लोक मोठ्या संख्येने आले होते. तारीख निवडणे म्हणजे माणसे निवडणे, हे सूत्र येथे उघडपणे दिसते. याच कठोर कायद्यात एक मोठी फट जाणूनबुजून ठेवलेली होती: मेक्सिको, कॅनडा आणि दक्षिणेकडील देशांना संख्येची मर्यादा नव्हती. नैर्ऋत्येकडील शेतमालकांना मजूर हवे होते, आणि त्यांच्या प्रतिनिधींची मते कायद्याला हवी होती. त्याच वर्षी सीमा गस्त दलाची स्थापना झाली. दार उघडे आणि दारात पहारेकरी, अशी ती रचना होती.

या रचनेचे पुढचे रूप १९४२ ते १९६४ या काळातील ब्रासेरो योजनेत दिसते. मेक्सिकोशी झालेल्या करारान्वये या बावीस वर्षांत सुमारे ४६ लाख मजुरी-करार झाले. समांतरपणे कागदपत्रांवाचून येणाऱ्यांचाही ओघ होताच. १९५२ मध्ये बेकायदा आलेल्या परकीयाला आश्रय देणे हा गुन्हा ठरवण्यात आला. मात्र त्याच कलमात अशी पुस्ती जोडली की त्याला कामावर ठेवणे म्हणजे आश्रय देणे नव्हे. टेक्ससच्या शेतमालकांच्या आग्रहामुळे ती 'टेक्सस पुस्ती' या नावाने ओळखली जाते. निवारा देणारा गुन्हेगार आणि राबवून घेणारा निर्दोष! कायद्याच्या भाषेत इतका उघड ढोंगीपणा क्वचितच सापडतो. ही पुस्ती चौतीस वर्षे टिकली.

२८ जानेवारी १९४८ रोजी कॅलिफोर्नियातील लॉस गॅटोस दरीत एक विमान कोसळले. मृत ३२ जणांपैकी २८ मेक्सिकन शेतमजूर होते आणि त्यांना परत पाठवण्यात येत होते. वैमानिक व कर्मचाऱ्यांची नावे वृत्तांत आली. मजुरांची आली नाहीत. वुडी गथ्री यांनी या अनामिकतेवर गीत रचले ते सर्वश्रुत आहे. सामूहिक दफनभूमीवर त्यांची नावे कोरलेली शिळा बसली ती २०१३ मध्ये, पासष्ट वर्षांनी.

१९६५ चा कायदा हा वंशाधिष्ठित संख्यानियमनाचा शेवट म्हणून गौरवला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु तोही एका तडजोडीतून जन्मला, आणि त्या तडजोडीची कथा आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. प्रशासनाच्या मूळ मसुद्यात कौशल्याला अग्रक्रम होता. प्रतिनिधिगृहाच्या आप्रवासन उपसमितीचे अध्यक्ष मायकेल फायगन यांनी तो उलटवून कुटुंबीयांच्या पुनर्मीलनाला अग्रक्रम मिळवून दिला. हिशेब असा की देशात नातेवाईक आहेत ते मुख्यतः युरोपीयांचे. तेव्हा नात्याच्या निकषाने लोकसंख्येचा रंग आपोआप जुनाच राहील. दुसरी देवघेव सिनेटमध्ये झाली: पश्चिम गोलार्धावर प्रथमच वर्षाला १,२०,००० ही मर्यादा आली. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी स्वाक्षरी केली.

दोन्ही हिशेब फसले. कौशल्याच्या वाटेने आलेल्या आशियाई डॉक्टर-अभियंत्यांनी नात्याच्या वाटेने आपली कुटुंबे आणली. आज उत्तर अमेरिकेत जो मराठी समाज आहे, ज्याच्या विविध गावच्या मंडळांनी १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाची छत्री उभारली, तो मुख्यतः फायगन यांच्या चुकलेल्या गणिताचे अपत्य आहे, असे म्हटले तर त्यात थोडी थट्टा असली तरी अतिशयोक्ती नाही. दुसरीकडे, ब्रासेरो योजना १९६४ च्या अखेरीस बंद झाली आणि लगोलग गोलार्धाची मर्यादा आली; १९७६ मध्ये तर प्रत्येक देशाला २०,००० चा आकडा मेक्सिकोलाही लागू झाला. शेते तीच होती, माणसे तीच होती, ऋतूही तेच होते. बदलला तो कागद, आणि पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करणारे मजूर बेकायदा ठरले.

या पार्श्वभूमीवर १९८६ कडे पाहावे लागते. फादर थिओडोर हेसबर्ग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९८१ मध्ये अहवाल दिला. वायोमिंगचे रिपब्लिकन सिनेटर ॲलन सिम्पसन आणि केंटकीचे डेमोक्रॅट प्रतिनिधी रोमानो मॅझोली यांनी १९८२ पासून विधेयक मांडायला सुरुवात केली. १९८४ मध्ये प्रतिनिधिगृहात ते २१६ विरुद्ध २११ अशा निसटत्या मताधिक्याने संमत झाले, आणि तरीही दोन सभागृहांच्या संयुक्त समितीत कोसळले. १९८६ च्या शरद ऋतूत ते मृत म्हणून सोडून दिले गेले होते. ते उठून बसले ते शेतमजुरांविषयीच्या एका वेगळ्या व्यवस्थेमुळे, जी चार्ल्स शूमर, लिऑन पॅनेटा आणि हॉवर्ड बर्मन या तिघांनी शेतमालक व मजूर-पक्ष यांच्यात घडवून आणली. अंतिम मतदान प्रतिनिधिगृहात २३८ विरुद्ध १७३ आणि सिनेटमध्ये ६३ विरुद्ध २४ असे झाले. विरोधकही दोन्ही पक्षांत होते आणि समर्थकही.

कराराचा गाभा सोपा होता. १ जानेवारी १९८२ पूर्वीपासून राहणाऱ्यांना, तसेच ठरावीक दिवस शेतात राबलेल्यांना, कायदेशीर दर्जा मिळेल. त्याच्या मोबदल्यात यापुढे बेकायदा माणसाला कामावर ठेवणाऱ्या मालकाला प्रथमच शिक्षा होईल. टेक्सस पुस्ती रद्द झाली. सुमारे २७ लाख लोकांना कायम वास्तव्याचा हक्क मिळाला. मालकावरील शिक्षेत मात्र 'जाणूनबुजून' हा शब्द होता. कामगाराने दाखवलेली कागदपत्रे वरवर खरी दिसली की मालकाची जबाबदारी संपे. ती खरी आहेत का हे तपासण्याचे बंधन नव्हते, आणि भेदभाव होऊ नये म्हणून फार खोलात शिरण्याचीही सोय नव्हती. व्यापारी संघटनांना हवे ते त्या एका क्रियाविशेषणात होते. खोट्या कागदपत्रांचा धंदा फोफावला. प्यू संशोधन केंद्राच्या अंदाजानुसार बेकायदा वास्तव्य करणाऱ्यांची संख्या १९९० मध्ये ३५ लाख होती, ती २००७ मध्ये १ कोटी २२ लाखांवर गेली.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला येथे एक ओळखीची परिस्थिती दिसेल. संहिता एक आणि वाचने दोन, दोन्ही आपापल्या परीने संहितेशी प्रामाणिक. एका वाचनानुसार १९८६ चा धडा असा: माफी लगेच दिली, अंमलबजावणीचे वचन कधीच पाळले गेले नाही, तेव्हा पुन्हा फसायचे नाही, आधी सीमा, मग बाकीचे. दुसऱ्या वाचनानुसार: २७ लाख आयुष्ये सावरली, पण पुढे येणाऱ्या मजुरांसाठी कायदेशीर वाट ठेवली नाही म्हणून प्रश्न परत उभा राहिला, तेव्हा दर्जा आणि वाट दोन्ही एकदम द्या. पुढील चाळीस वर्षांचा वाद हा बहुतांशी या दोन वाचनांचा वाद आहे. माझ्या मते येथेच अडचणीचे मूळ आहे. कायदेशीर दर्जा ही एकदा दिली की परत न घेता येणारी गोष्ट आहे. अंमलबजावणी ही वर्षानुवर्षे, बदलत्या सरकारांनी, बदलत्या निधीतून करायची गोष्ट आहे. एका बाजूचे देणे रोखीचे आणि दुसऱ्या बाजूचे उधारीचे, आणि उधारी चुकवणारा कोण असेल हे सही करताना कोणालाच सांगता येत नाही. क्रम उलटवला तर फसवणुकीची भीती केवळ बाजू बदलते: सीमा 'सुरक्षित' झाली हे ठरवणार कोण, आणि ते कधीच ठरले नाही तर?

या ठिकाणी आपल्याकडील एक समकालीन करार आठवल्यावाचून राहत नाही. १५ ऑगस्ट १९८५ चा आसाम करारही तारखांवर उभा होता. १ जानेवारी १९६६ पूर्वी आलेले स्वीकारायचे. त्यानंतर २४ मार्च १९७१ पर्यंत आलेल्यांची नावे दहा वर्षे मतदारयादीतून काढायची. आणि पुढे आलेल्यांना बाहेर घालवायचे. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आधारित नागरिकत्व कायद्यातील ६-अ हे कलम ऑक्टोबर २०२४ मध्ये चार विरुद्ध एक मताने वैध ठरवले. करार होऊन तेव्हा एकोणचाळीस वर्षे झाली होती. दोन्ही ठिकाणी तारीख ठरवण्याचे काम राजकारण्यांनी केले आणि ती तारीख सिद्ध करण्याचे ओझे पडले ते जुने कागद जपून ठेवण्याची सवय वा सोय नसलेल्या माणसांवर. फाळणी आणि बांगलादेशाचे युद्ध यांची छाया अमेरिकेच्या प्रश्नावर नाही, तेव्हा साम्य याहून पुढे ताणणे उचित नव्हे.

'माफी' या शब्दाचे काय झाले तेही पाहिले पाहिजे. १९८४ च्या निवडणुकीतील चर्चेत रेगन स्वतः तो शब्द सहज वापरत होते. २००६ पर्यंत तो शिवी झाला होता. 'ॲम्नेस्टी' हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला त्याचा अर्थ विस्मरण. स्मृतिभ्रंशाला योजला जाणारा 'ॲम्नेशिया' त्याचाच भाऊबंद. आणि १९८६ ची स्मृतीच ज्यांच्या विरोधाचा आधार होती त्यांना विस्मरण मागण्यासारखे दुसरे विपरीत काय असणार? म्हणून समर्थकांनी शब्द बदलले: 'अर्जित दर्जा', 'नागरिकत्वाकडे जाणारा मार्ग'. दंड, थकीत कर, इंग्रजीची परीक्षा, तेरा वर्षांची प्रतीक्षा अशा अटींची भर घातली. विरोधकांनी प्रत्येक वेळी एकाच शब्दाने उत्तर दिले. आपल्याकडील मराठेशाहीच्या कागदपत्रांत पळून गेलेल्या रयतेला परत बोलावण्यासाठी दिलेले अभयाचे कौल आढळतात. त्यांत दयेचा भाग थोडा आणि ओसाड पडलेली जमीन लागवडीला आणण्याचा स्वार्थ मोठा असे, आणि तो स्वार्थ लपवण्याची कोणाला गरज वाटत नसे. अमेरिकेतील चर्चेत हाच स्वार्थ उघडपणे बोलणे कठीण झाले. माणसांसाठी वापरायच्या शब्दांवरही असाच झगडा झाला. एप्रिल २०१३ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने 'बेकायदा आप्रवासी' हा शब्दप्रयोग आपल्या लेखनसंहितेतून काढला. ज्या वादात दोन्ही बाजूंना मान्य असे सामान्यनामही उरत नाही, त्यात कलमवार सौदा कसा व्हावा?

डिसेंबर २००५ मध्ये प्रतिनिधिगृहाने २३९ विरुद्ध १८२ मतांनी असे विधेयक संमत केले की कागदपत्रांवाचून देशात असणे हाच गंभीर फौजदारी गुन्हा ठरावा. २००६ च्या वसंतात लाखो लोक रस्त्यांवर उतरले. मे महिन्यात सिनेटने अगदी वेगळे, उदार विधेयक ६२ विरुद्ध ३६ ने संमत केले. दोन सभागृहांची संयुक्त समिती बसलीच नाही. त्याऐवजी ऑक्टोबरमध्ये सुमारे ७०० मैल कुंपणाचा कायदा झाला. ज्या भागावर सर्वांचे जमते तो भाग सुटा करून घेतला की उरलेल्यासाठी मोल म्हणून द्यायला हाती काही राहत नाही, ही गोष्ट पुढेही पुन्हा पुन्हा घडली.

२००७ चे विधेयक एडवर्ड केनेडी आणि जॉन काईल या दोन टोकांच्या सिनेटरांनी अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या पाठिंब्याने घडवले होते. ६ जून रोजी नॉर्थ डकोटाचे डेमोक्रॅट बायरन डॉर्गन यांची दुरुस्ती ४९ विरुद्ध ४८ अशी एका मताने मंजूर झाली: अतिथी-कामगार योजना पाच वर्षांनी आपोआप संपावी. कामगार संघटनांना ती योजना नको होती. बराक ओबामा यांनीही दुरुस्तीच्या बाजूने मत दिले. उद्योगपतींना करारात धरून ठेवणारा दोर येथे तुटला. २८ जून रोजी चर्चा संपवण्याच्या ठरावाला ६० मते हवी होती, ४६ मिळाली. बाहेरून पाहणाऱ्याला रिपब्लिकनांचे बंड दिसले, आणि ते होतेच. पण पहिला टाका आतूनच उसवला होता. येथे हेही नोंदवले पाहिजे की अमेरिकेतील कामगार संघटनांच्या महासंघाने १९८६ मध्ये मालकांवरील शिक्षेला पाठिंबा दिला होता आणि फेब्रुवारी २००० मध्ये ती शिक्षाच रद्द करावी, अशी भूमिका घेतली. बाजू स्थिर नसतात. त्यामुळे एका दशकातील करार दुसऱ्या दशकात तसाच मांडता येत नाही.

२०१३ मध्ये आठ सिनेटरांच्या गटाने १९८६ च्या दोन्ही वाचनांना एका चौकटीत बसवण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न केला. सीमा गस्त दलात सुमारे २०,००० जणांची भर, मालकांसाठी सक्तीची इलेक्ट्रॉनिक पडताळणी, आणि हे टप्पे गाठल्यावरच कायम दर्जा. २७ जून रोजी ते ६८ विरुद्ध ३२ ने संमत झाले. चौदा रिपब्लिकनांनी अनुकूल मत दिले. प्रतिनिधिगृहाचे सभापती जॉन बेनर यांनी ते मतदानाला आणलेच नाही. आपल्या पक्षातील बहुसंख्यांचा पाठिंबा नसेल तर विधेयक पुढे न्यायचे नाही, हा तेथील अलिखित दंडक. सभागृहात बहुमत असूनही विधेयक मरू शकते ते असे. जून २०१४ मध्ये बहुमतातील पक्षाचे नेते एरिक कँटर स्वतःच्याच पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत पराभूत झाले. आप्रवासनाविषयीचा त्यांचा मवाळपणा हा प्रतिस्पर्ध्याच्या प्रचाराचा मोठा मुद्दा होता. त्यानंतर उरलेल्यांना निराळे समजावण्याची गरज पडली नाही. सुरक्षित मतदारसंघात खरी भीती विरोधी पक्षाची नसते, स्वपक्षातील अधिक कडव्याची असते.

या काळात 'आधी अंमलबजावणी' ही अट प्रत्यक्षात पुरी होत आली होती, असे आकडे सांगतात. सीमा गस्त दलाचे संख्याबळ नव्वदीच्या आरंभी सुमारे ४,००० होते, ते २०११ पर्यंत २१,००० च्या वर गेले. २०१२ च्या आर्थिक वर्षात आप्रवासनविषयक अंमलबजावणीवर सुमारे १८ अब्ज डॉलर खर्च झाले. ही रक्कम इतर सर्व प्रमुख केंद्रीय गुन्हेतपास यंत्रणांच्या एकत्रित खर्चाहून अधिक होती. विश्वास मात्र त्या प्रमाणात वाढला नाही. ज्या भावनेचे उत्तर आकड्यांत द्यायचे ती भावना आकड्यांची नव्हती.

संपूर्ण सुधारणा अवघड असेल तर सुटे भाग का संमत होत नाहीत, असा प्रश्न साहजिकच पडतो. येथे मराठी भाषकांसह भारतीयांचा थेट संबंध येतो. नोकरीवर आधारित कायम परवान्यांत कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून अधिक वाटा नाही, हा नियम १९९० च्या कायद्यातला. त्यामुळे भारतात जन्मलेल्या अभियंत्यांची रांग दशकांची झाली. ही मर्यादा काढण्याचे विधेयक प्रतिनिधिगृहाने जुलै २०१९ मध्ये ३६५ विरुद्ध ६५ अशा प्रचंड मताधिक्याने संमत केले. सिनेटने डिसेंबर २०२० मध्ये त्याचे वेगळे रूप एकमताने संमत केले. दोन्ही रूपे जुळवली गेली नाहीत आणि सभागृहाची मुदत संपली. लहानपणी आणलेल्या मुलांच्या हक्काचे विधेयक डिसेंबर २०१० मध्ये प्रतिनिधिगृहात संमत होऊन सिनेटमध्ये ५५ विरुद्ध ४१ ला अडले. ज्यांच्याबद्दल सर्वांत अधिक सहानुभूती त्यांना आधी मोकळे केले, तर मागे राहिलेल्यांसाठी कोण भांडणार, या हिशेबाने सहानुभूतीचेच ओलिसात रूपांतर झाले. दोन्ही बाजूंनी हे केले आहे, आणि दोन्ही बाजूंना ते मान्य नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत तर असा करार पुढे आला की ज्यात बेकायदा वास्तव्य करणाऱ्यांना सर्वसाधारण दर्जा देण्याची तरतूदच नव्हती. जेम्स लँकफर्ड, क्रिस मर्फी आणि क्रिस्टन सिनेमा यांनी तो महिनोन्‌महिने वाटाघाटी करून बांधला होता. १९८६ च्या माफीवरचा आक्षेप त्याला लागू नव्हता. डोनाल्ड ट्रम्प यांनी विरोध जाहीर केला आणि ७ फेब्रुवारी रोजी तो ४९ विरुद्ध ५० मतांनी अडला. मे महिन्यात पुन्हा मांडला तेव्हा लँकफर्ड यांनी स्वतःच त्याविरुद्ध मत दिले. निवडणुकीच्या वर्षात सुटलेल्या प्रश्नापेक्षा न सुटलेला प्रश्न अधिक मोलाचा ठरतो, याहून निराळे स्पष्टीकरण मला सापडत नाही. २०२५ मध्ये सत्ता एका पक्षाकडे आल्यावर तडजोडीची गरजच उरली नाही. जुलैच्या अर्थसंकल्पीय कायद्याने अंमलबजावणीसाठी सुमारे १७० अब्ज डॉलर उपलब्ध करून दिले. प्यूच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये बेकायदा वास्तव्य करणाऱ्यांची संख्या १ कोटी ४० लाख झाली होती.

या सर्व गदारोळाच्या बाहेर अमेरिकन कायद्यात एक जुनी, साधी तरतूद आहे. १९२९ च्या नोंदणी कायद्याने असे ठरवले की अमुक तारखेपूर्वी आलेल्या, सतत राहिलेल्या, सद्‌वर्तनी माणसाला कायम वास्तव्याचा अर्ज करता यावा. आरंभी ती तारीख १९२१ मधली होती. १९४०, १९५८ आणि १९६५ मध्ये काँग्रेसने ती पुढे सरकवली आणि प्रत्येक वेळी फारसा गाजावाजा झाला नाही. काळ गेला की हक्क येतो, एवढेच त्यात गृहीत होते. १९८६ च्या कायद्याने ती १ जानेवारी १९७२ वर आणली. २०२१ मध्ये ती २०१० पर्यंत आणण्याचा प्रस्ताव अर्थसंकल्पीय विधेयकात घालण्याचा डेमोक्रॅटांनी प्रयत्न केला. सिनेटच्या कामकाज-नियमांच्या सल्लागारांनी तो नियमबाह्य ठरवला. १९८६ साली ही अट चौदा वर्षांच्या वास्तव्याची होती. तारीख तीच राहिल्यामुळे आता ती अर्धशतकाहून अधिक काळाच्या वास्तव्याची झाली आहे.